बाक मुलांच्या मापाचे हवेत

पालकहो, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे, असा शासन निर्णय महाराष्ट्रात 2015 सालीच झाला. दप्तर पाठीवर असते ते येता-जाता. ज्या बाकावर मूल रोज पाच-सहा तास काढते, त्याचे माप मात्र कोणीच विचारत नाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गखोली, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, मैदान, कुंपण सगळे आले, बाक राहिला. त्यामुळे खरेदी होते ती नगावर आणि एकाच साच्याची. सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक भरणाऱ्या इमारतींत तर तिसरीतली मुलगी आणि दहावीतला मुलगा त्याच बाकावर बसतात.

बैठकीची उंची ठरते ती गुडघ्यामागच्या खोबणीपासून तळव्यापर्यंतच्या मापाने. बैठक त्याहून उंच असली की पाय लोंबकळतात, फळीची कड मांडीखाली रुतते, मुंग्या येतात. मूल पुढे सरकते आणि पाठीचा टेकू सुटतो. अशा मुलाला आपण चुळबुळ्या म्हणतो, हा त्याच्यावर अन्याय आहे. डेस्क कोपराच्या फार वर गेला तर लिहिताना खांदा उचललेलाच राहतो. उंच मुलाचे गुडघे कप्प्याला अडतात, मान वहीवर झुकते. शिवाय आपल्याकडचा लोखंडी बाक डेस्कला जोडलेलाच येतो, मधले अंतर बदलता येत नाही. अमेरिकेत मिशिगनमधील सहावी-आठवीच्या मुलांची मापे घेतली गेली. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नीट बसेल अशी खुर्ची-टेबलाची जोडी पाचांत एकालाही धड मिळत नव्हती. युरोपच्या मानकात म्हणूनच वेगवेगळी मापे आहेत आणि प्रत्येकाला रंग: पिवळ्या खुणेची बैठक 35 सेंटीमीटर, निळ्या खुणेची 46.

शाळेत तीन उंचींचे बाक ठेवले तर खर्च वाढेल, असे सांगितले जाईल. पण ठेंगण्या बाकाला लोखंड कमीच लागते आणि आहे त्या बाकाचे पाय कापायला गावातला वेल्डरही पुरतो. आम्ही सतरंजीवर बसूनच शिकलो, असेही म्हणतात. खरे आहे, पण सतरंजीवर मांडी बदलता येते, बाकावर शरीर अडकते. मुले वाढतात हा आक्षेप तर तीन उंचींचे बाक ठेवण्याच्याच बाजूचा आहे. वाढलेले मूल पुढच्या मापावर जाईल.

सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, सरकारी शाळांत शाळा विकास आराखडाही तीच करते. जूनमध्ये शिंप्याच्या टेपने प्रत्येक मुलाचे माप घ्या, ते आराखड्यात लिहा आणि मागणीपत्रात नगांसोबत उंचीही घाला. नवे बाक येईपर्यंत पाय न टेकणाऱ्या मुलांच्या पायांखाली लाकडी फळी द्या.