प्रीती आणि विवेक
प्रीती अंतःकरणात उपजत असली तरी ती कशी करावी हे शिकावेच लागते, म्हणूनच फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौलाने त्यांची प्रीती ज्ञानाने व विवेकाने उत्तरोत्तर वाढावी अशी प्रार्थना केली आहे. या शिकवणीचा दाखला वऱ्हाडमुलखात शोधू जाता, वाशीम हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असताना, १९३६ साली हिंदुस्थानात येऊन नाझरीन मिशनच्या सेवेत रुजू झालेल्या डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी तेथील शाळेच्या जुन्या इमारतीत १९३८ साली सुरू केलेल्या रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलचे नाव सहज ओठांवर येते. अशा रुग्णालयात नुकतीच शस्त्रक्रिया झालेले लेकरू पाण्यासाठी कासावीस होते, आईचा हात तांब्याकडे वळतो, आणि परिचारिका तो हलकेच अडवून ओल्या कापसाने लेकराचे ओठ तेवढे भिजवते. माया दोघींचीही खरी. परंतु आईची माया त्या घटकेच्या तहानेने व्याकुळ होते, तर परिचारिकेची उद्याच्या प्रकृतीची तजवीज करते. शेजाऱ्यावर प्रीती करा, ही ख्रिस्ताची आज्ञा शिरसावंद्य मानणाऱ्याने, शेजाऱ्याच्या हितासाठी प्रसंगी त्याच्याकडून वाईटपणा घेण्याचीही तयारी ठेवावी.