निकाल लागला, पण कुठे?

मराठीत ‘निकाल लावणे’ याचे दोन अर्थ होतात. आपल्या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉलला, म्हणजे आय-लीगच्या २०२४-२५ च्या हंगामाला, दोन्ही लागू पडले. ६ एप्रिलला सामने संपले तेव्हा गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचे गुण ४०, इंटर काशीचे ३९. पण नामधारी संघाने काशीविरुद्ध अपात्र खेळाडू उतरवला होता. त्या सामन्याचे तीन गुण शिस्तपालन समितीने काशीला दिले, अपील समितीने काढून घेतले, लोझानच्या क्रीडा लवादाने पुन्हा दिले. महासंघ चर्चिलला विजेते ठरवून मोकळा झाला होता. १८ जुलैला लवादाने काशीला ठरवले. घरच्या भांडणाचा न्याय मागायला स्वित्झर्लंड गाठावे लागावे ना! पणाला निव्वळ चषक नव्हता, वरच्या आयएसएलचे दार होते. ते काशीला उघडले, तेव्हा आतली स्पर्धाच कराराअभावी अडकून पडली होती.