जुने टाइमशेअर आणि अनोळखी दलाल

गेल्या महिन्यात बाजारपेठेतील एक परिचित कापड व्यापारी फाइल घेऊन घरी आले. हिशेबाला अत्यंत चोख गृहस्थ. दुकानातील खातेवही आजही स्वतःच्या नजरेखालून घातल्याशिवाय दिवस संपवत नाहीत. त्यांनी एका दलालामार्फत जुने टाइमशेअर विकत घेतले होते आणि सहा महिने झाले तरी ते त्यांच्या नावावर होत नव्हते.

टाइमशेअर म्हणजे काय, हे बहुतेक कुटुंबांना आता ठाऊक आहे. १९६०च्या दशकात फ्रान्समधील आल्प्स पर्वतात सुरू झालेली ही कल्पना आपल्याकडे १९८०च्या दशकात आली. कंपनी एकरकमी शुल्क घेते आणि ठरावीक वर्षांपर्यंत, अनेकदा पंचवीस वर्षांपर्यंत, दरवर्षी सात रात्री राहण्याचा हक्क देते. त्याशिवाय दरवर्षी देखभाल शुल्क भरावे लागते, मग आपण जा अथवा जाऊ नका. मुले परदेशी गेली, प्रवास झेपेनासा झाला की मूळ सभासद ते विकायला काढतो. कंपनीच्या भावापेक्षा ते पुष्कळ स्वस्त मिळते आणि येथेच दलालाचा प्रवेश होतो.

आपल्या समाजाला दलाल नवा नाही. धान्य असो, कापड असो वा सोने, दलालाच्या शब्दावर लाखोंचे व्यवहार होत आले आहेत. परंतु तो दलाल वर्षानुवर्षे त्याच बाजारात वावरतो. एकदा शब्द फिरवला तर दुसऱ्या दिवशी त्याला कोणी ओट्यावर बसू देणार नाही. टाइमशेअरचा दलाल फोनवर भेटतो. त्याचे दुकान कोणी पाहिलेले नसते. आमच्या व्यापारी मित्राने बाजारातील सवयीनेच विश्वास टाकला, एवढीच त्यांची चूक.

व्यवहार असा होता. किंमत १,५०,००० रुपये, शिल्लक मुदत दहा वर्षे. त्यापैकी ४०,००० रुपये ‘टोकन’ म्हणून दलालाने स्वतः घेतले, १,१०,००० रुपये विक्रेत्याच्या खात्यात गेले, दलालीचे १५,००० वेगळे. पावती साध्या कागदावर. तीवर ना जीएसटी क्रमांक, ना पत्ता. पुढे विक्रेत्याच्या घरी फोन केल्यावर उलगडा झाला की त्यांना सौदा १,१०,००० रुपयांचाच सांगितला होता. टोकनची त्यांना वार्ताही नव्हती. आपल्या करार कायद्यानुसार, म्हणजे १८७२च्या अधिनियमानुसार, एजंटाने ज्याच्यासाठी काम केले त्याला हिशेब देणे बंधनकारक आहे. पण हिशेब मागायला माणूस सापडावा लागतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. सभासदत्व ज्यांच्या नावे होते ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले होते. सही त्यांच्या मुलाने केली होती आणि वारसनोंद झालेलीच नव्हती. तीन वर्षांचे देखभाल शुल्क व्याजासह ६१,००० रुपये थकले होते. हस्तांतर शुल्क २५,००० रुपये. शिवाय हंगाम! दलालाने ‘कधीही जा’ असे सांगितले होते. करारात मात्र मे महिना आणि दिवाळीची सुट्टी दोन्ही वगळलेली.

बँकेत असताना आम्ही कर्जखाते दुसऱ्याच्या नावे करण्याचे अर्ज पाहत असू. दोघा पक्षांनी आपसांत काहीही लिहून दिले, तरी बँकेची संमती मिळेपर्यंत जुना कर्जदारच कर्जदार राहतो. येथेही तसेच आहे. टाइमशेअर आपल्याकडे बहुधा जमिनीची मालकी नसून वापराचा करार असतो. म्हणून दलालाने बनवलेला स्टॅम्पपेपर हातात असला, तरी कंपनीच्या लेखी खरेदीदार कोणीच नसतो. एक पैसाही देण्यापूर्वी विक्रेत्याने कंपनीकडून स्वतःच्या नावे पत्र मागवावे: मुदत किती उरली, हंगाम कोणता, थकबाकी किती, हस्तांतर शुल्क किती. साठलेल्या रात्री आणि अन्य रिसॉर्टशी अदलाबदलीचा हक्क नव्या सभासदाकडे येतो का, हेही त्यात यावे. कारण अनेकदा तो येत नाही.

मी मित्रांना कागदावर एकच आकडेमोड करायला लावली. किंमत, दलाली, थकबाकी आणि हस्तांतर मिळून २,५१,००० रुपये. दहा वर्षांत विभागले तर वर्षाला २५,१००. देखभाल शुल्क १८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २१,२४०. एकूण ४६,३४०, म्हणजे सात रात्रींसाठी प्रत्येकी ६,६२० रुपये. शुल्क दरवर्षी वाढते आणि गुंतलेल्या रकमेचे व्याज बुडते, ते मी धरलेही नाही. तेही बिगरहंगामात! ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले.

विक्रेत्यांचा मुलगा सज्जन निघाला. वारसनोंद करून द्यायला आणि निम्मी थकबाकी भरायला तो तयार झाला आहे. दलालाला वकिलामार्फत नोटीस गेली; फोन बंद आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि तेही तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्कही लागत नाही. तक्रारीचा मसुदा मी पाहून दिला आहे. कच्ची पावती आणि बँकेचा उतारा त्यांनी सुदैवाने जपून ठेवला होता. टोकन रोखीने दिले असते तर तेवढाही पुरावा उरला नसता.

मे महिन्यात ते सहकुटुंब महाबळेश्वरला जाऊन आले, नेहमीच्या हॉटेलात, रोजचे भाडे भरून.