मनाच्या दुखण्यासाठीही पावती फाडा

सप्ताह आला की आपण पावती फाडतो. यात्रा असो, सभामंडप असो, शाळेचं कंपाउंड असो, वर्गणीत गाव मागे राहत नाही. पण वस्तीवरचा एखादा गडी महिना-महिना झोपत नाही, जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, तर त्याच्यासाठी गावानं कधी वर्गणी काढली काय? त्याच्या घरचे देवऋष्याकडे कोंबडं नेतात आणि बाकीचे पारावर बसून 'येडं झालंय' म्हणतात.

देणगीच्या पैशातून याबाबतीत काय करता येतं, ते विदर्भात दिसलं आहे. टाटा ट्रस्टच्या मदतीने 'संगत' या संस्थेने तिथे 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालवला. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांची त्यासाठी पाहणी झाली. सुरुवातीला उदासीनतेच्या आजाराचे शंभर रुग्ण असतील तर त्यातले जेमतेम चार उपचारापर्यंत पोचत होते. दीड वर्षाने हा आकडा २७ वर गेला. जीव द्यावासा वाटतो असे सांगणारी माणसे शेकडा पाचावरून अडीचवर आली. ही पाहणी २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअट्री' या नियतकालिकात छापून आली. तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नव्हती, तेव्हा सगळंच श्रेय प्रकल्पाला देऊ नये. तरी उपचाराला जाणारी माणसे सहापटीने वाढली, ही काही थोडकी गोष्ट नव्हे.

आणि यात इमारत कुठं आली? गावातल्याच माणसांना शिकवून कार्यकर्ते केले, त्यांनी छोट्या-छोट्या बैठका घेतल्या, घरोघरी जाऊन ऐकून घेतलं. त्यांच्या वर समुपदेशक, आणि ज्याला औषधाची गरज त्याच्यासाठी डॉक्टर. पैसा लागला तो माणसांवर.

पण ट्रस्टची मदत मुदतीची असते. मुदत संपली की बाईचं मानधन बंद, आणि तिच्या ओळखीनं मोकळं बोलू लागलेलं घर पुन्हा दार लावून घेतं. सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, नाही असं नाही. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर २०२२ पासून फुकट बोलता येतं. पण डॉक्टर बसतो जिल्ह्याच्या गावी. तिथं जायचं म्हणजे दोघांचं एसटीभाडं आणि दोघांचा रोज बुडाला. दुसऱ्या खेपेला माणूस जात नाही, गोळ्या सुटतात, दुखणं उलटतं.

गावची वर्गणी इथंच कामी येईल. एका कार्यकर्तीचं मानधन आणि रुग्णासोबत जाणाऱ्याचं भाडं, एवढ्यापासून सुरुवात करा. दूध सोसायटी, पतसंस्था यांच्या सभेत हा विषय निघायला हवा. जिथं दरवर्षी भांडी वाटतात, तिथं एक वर्ष भांडी कमी वाटली तर सभासद उपाशी मरणार नाहीत!

सरपंच, पोलीस पाटील यांना एक विनंती. मदत कुणाला दिली त्याची नावं ग्रामसभेत वाचू नका, आणि देणगीदाराचा रुग्णाबरोबर फोटो तर मुळीच नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. हिशेब दाखवायचा तर खेपा किती आणि रक्कम किती, एवढंच फळ्यावर लिहा. सोसायटीची सभा जवळ आली असेल, तर सचिवाला गाठून विषयपत्रिकेवर हा विषय आजच घालून घ्या.