सीडी मिळाली, खेळ नाही

मैत्रिणींनो, कादंबरी वाचून झाली की आपण शेजारी देतो, रद्दीत घालतो; कुणाची ना नसते. कॉम्प्युटरच्या खेळाचं तसं नाही बरं का! आमच्या धाकट्याने खाऊचे पैसे साठवून वर्गमित्राकडून खेळाची जुनी सीडी घेतली. इंटरनेटवर कोड टाकला, तर उत्तर आलं, ‘हा कोड आधीच वापरलेला आहे.’ तो मित्राच्या खात्याला कायमचा चिकटलेला. पोर अगदी रडकुंडीला आलं. मित्राच्या आईने पैसे परत केले, पण चार दिवस आमच्यात अबोला होताच.

२००८ साली निघालेल्या ‘स्पोर’ खेळाला तर, रोख पैसे मोजूनही, अशी मंजुरी ३ कॉम्प्युटरपुरतीच मिळे. फार ओरड झाली तेव्हा ५ केले. मोठी मेहेरबानीच म्हणायची!

तेव्हा जुनी सीडी घेण्याआधी विचारा, कोड लागतो का, आणि तो वापरलाय का? ‘स्टीम’वर नवा खेळ घेतलात, तर तो पुढे विकता येत नाही. मात्र १४ दिवसांच्या आत, आणि २ तासांहून कमी खेळला असेल, तर बहुतेक खेळांचे पैसे परत मागता येतात. मुलाला घड्याळ लावूनच बसवा.