जिनिंगच्या आवारातील पतंग

बँकेत असताना तारण कापसाच्या तपासणीसाठी अकोल्याजवळच्या एका जिनिंगमध्ये गेलो होतो. एप्रिल संपत आला होता. संध्याकाळी दिव्याभोवती करड्या-तपकिरी रंगाचे इवलेसे पतंग घिरट्या घालत होते. मी वजने लिहिली, भाव लिहिला आणि निघालो. ते गुलाबी बोंडअळीचे पतंग होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

हा पतंग नखाहून लहान. दिवसा तो मातीच्या भेगांत, पालापाचोळ्यात दडतो आणि रात्री उडतो. मादी कपाशीच्या पात्या, फुले व कोवळ्या बोंडांवर शंभर-दोनशे अंडी घालते. चार-पाच दिवसांत निघणारी अळी पांढुरकी असते. गुलाबी रंग पुढे चढतो. फुलात शिरली तर ती पाकळ्या धाग्यांनी शिवून टाकते. आपल्याकडे त्याला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली तर मागचे छिद्र बुजते. वरून बोंड निरोगी आणि आत सरकी पोखरलेली! शेतकऱ्याला नुकसान कळते ते वेचणीच्या वेळी, आणि आपल्याला कवडी कापसाची प्रतवारी करताना.

एरवी हे चक्र महिनाभरात पूर्ण होते. हंगाम सरत आला, दिवस लहान झाले की काही अळ्या मात्र कोष न करता सरकीतच सुप्त पडून राहतात, कित्येक महिने. ही सरकी गाडीतून आपल्याच आवारात येते.

भारतातील कपाशीवरच्या या कीटकाचे शास्त्रीय वर्णन 1843 मध्ये झाले. 2002 मध्ये बीटी वाण आले, 2006 मध्ये दोन जनुकांचे. वाटले, प्रश्न मिटला. अळीने ते पचवले. 2017 च्या हंगामात विदर्भातील बोंडे पोखरली गेली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

आपल्या शास्त्रात पतंग चतुरिंद्रिय जीव. मग कापसाच्या व्यापाऱ्याने काय करावे? आपल्या घरच्या बायका धान्याला ऊन देतात, पाणी गाळतात, ते जीवोत्पत्तीच होऊ नये म्हणून. ही जयणा आवारातही पाळता येते. मार्चअखेर रुई-सरकी वेगळी करून सरकी घाणीकडे रवाना करावी. कवडीचे ढीग पावसाळ्यापर्यंत ठेवू नयेत. घाणीत सुप्त अळ्या मरतात, हे मी नाकारत नाही. पण तोच ढीग जूनपर्यंत राहिला तर त्यातून निघालेले पतंग शेजारच्या शेतांत पिढ्यांमागून पिढ्या वाढवतात, आणि मग विषाच्या टाक्या पाठीवर चढतात. त्यात मधमाशीही मरते, मजूरही.

शेतकऱ्याचा वाटाही आहेच. फरदड न घेता पऱ्हाटी वेळेत काढली आणि पेरणी जूनच्या पावसावर केली, तर लवकर निघालेल्या पतंगांना अंडी घालायला पातीच मिळत नाही. अमेरिकेने 2018 मध्ये आपली कपाशी या अळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. तिथेही वेळेवर शेत मोकळे करण्यावर भर होता.

आवारात कामगंध सापळे टांगावेत. त्यांत नर अडकतो व मरतो, म्हणून काहींना ते रुचणार नाहीत. त्यांनी निदान ढीग तरी लवकर हलवावेत.