अनुभव पाहिजे! पण तो आणायचा कुठून?

(एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २)

वर्तमानपत्रातील ‘पाहिजेत’ हे सदर आमच्या घरी मीच मोठ्याने वाचून दाखविते. दहावीच्या पुढे गेलेली घरातील पहिली व्यक्ती मी, म्हणून हा मान माझ्याकडे आला. ‘संगणकचालक पाहिजे, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक.’ ‘हिशेबनीस पाहिजे, अनुभवी असल्यास प्राधान्य.’ वाचून झाले की माय विचारते, “अन् ज्याले अनुभव नाही, त्यानं कुठी जावं वं?” या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप देता आलेले नाही.

हे दुःख आपल्यासारख्या कला शाखेच्या मुलामुलींचेच आहे, अशी माझी समजूत होती. विमान चालवायला शिकलेल्या माणसालाही तेच भोगावे लागते, हे मला माझ्या मामेभावामुळे कळले.

मेहकर तालुक्यात माझ्या मामाची कोरडवाहू शेती. तिचा मोठा तुकडा समृद्धी महामार्गात गेला आणि मोबदला आला. गावात कुणी घर बांधले, कुणी गाडी घेतली, कुणी दुसरीकडे वावर घेतले. मामाने मात्र मुलाला वैमानिक करायचे ठरविले. “जमीन रस्त्यात गेली, आता पैसा आभाळात जाऊ दे,” असे तो हसत हसत म्हणायचा.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण करावे लागते. त्याशिवाय लेखी परीक्षा आणि कडक वैद्यकीय तपासणी. हे सारे उरकेपर्यंत मामाचे पन्नास लाखांच्या वर रुपये खर्च झाले. २०२३ च्या सुरुवातीला परवाना हाती आला. गावात पेढे वाटले गेले, शाळेत शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. आता पोरगा महिन्याला लाखांनी कमावणार, याविषयी कुणाच्याही मनात शंका नव्हती.

शंका येण्याचे कारणही नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० विमाने घेण्याचे जाहीर केले होते. परंतु या दोन बातम्यांच्या मध्ये, मे महिन्यात, गो फर्स्ट ही कंपनी बंद पडली. तिचे अनुभवी वैमानिक नोकरीच्या रांगेत आले, आणि रांगेत अनुभवी माणूस उभा असताना नवख्याकडे कोण पाहणार? त्यापूर्वी २०१२ मध्ये किंगफिशर आणि २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, तेव्हाही हेच घडले असणार. कंपनी बुडते तेव्हा तिच्या नोकरांचे हाल सर्वांना दिसतात. ज्याला अजून नोकरी लागलेलीच नाही, त्याचे हाल कुणाच्या हिशेबात धरले जात नाहीत.

दादाने अर्ज केले. बहुतेकांना उत्तरच आले नाही. जेथून आले, तेथे दोन गोष्टी विचारल्या गेल्या. पहिली, तुमचे एकूण तास किती? दुसरी, टाइप रेटिंग आहे का? टाइप रेटिंग म्हणजे एका विशिष्ट जातीच्या मोठ्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण. शिकताना मुले एक-दोन इंजिनांच्या लहान विमानांवर शिकतात. एअरबस किंवा बोइंगवर बसायचे तर हे दुसरे शिक्षण हवे, आणि त्याला आणखी पंधरा-वीस लाख रुपये लागतात. ते केले तरी नोकरीची हमी नाहीच!

बरे, परवाना पेटीत ठेवून वाट पाहावी म्हटले तर तेही जमत नाही. आपली पदवी पेटीत कितीही वर्षे पडून राहिली तरी पदवीच राहते. वैमानिकाचा परवाना मात्र जिवंत ठेवावा लागतो. दरवर्षी वैद्यकीय तपासणी, दरवर्षी उपकरणांच्या साह्याने उडण्याची परीक्षा, मधूनमधून ठरावीक उड्डाण. यातले काहीच फुकट होत नाही. म्हणजे बेकार राहण्यासाठीसुद्धा पैसे मोजायचे! आपल्याकडच्या सुशिक्षित बेकाराला निदान एवढी शिक्षा तरी नाही.

आता दुसरी बाजू पाहू. नोव्हेंबर २०२५ पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाले आणि डिसेंबरमध्ये इंडिगोला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. ‘देशात वैमानिकांचा तुटवडा’ असे मथळे आले. मामाने विचारले, “तुटवडा हाय तं मंग आमचं पोट्टं घरी कायले बसलं?” मामा शाळा फारसा शिकलेला नाही, पण प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. खरी गोष्ट अशी की, तुटवडा आहे तो तयार माणसांचा, त्यातही कॅप्टनांचा. कॅप्टन व्हायचे तर त्याच्या परवान्यासाठीच १५०० तास लागतात. २०० आणि १५०० यांच्या मध्ये जी शिडी हवी, तिच्या पायऱ्या आपल्या देशात फारच थोड्या आहेत.

अमेरिकेत २०१३ पासून प्रवासी कंपनीत सहवैमानिक व्हायलाही सर्वसाधारणपणे १५०० तास लागतात. नियम आपल्यापेक्षा कडक आहे. परंतु तेथे नवखा वैमानिक पिकांवर फवारणी करतो, जाहिरातीचे फलक ओढतो, लहान गावांना टपाल-पार्सल पोचवितो, दुसऱ्यांना शिकवितो आणि तास जमवितो. आपल्या देशातही एके काळी पिकांवर विमानातून फवारणी होत असे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे ‘बसंत’ हे खास शेतीचे विमान १९७२ मध्ये प्रथम उडाले. पुढे ते बनविणे बंद झाले आणि आता फवारणीचे काम ड्रोनकडे चालले आहे. म्हणजे होती ती पायरीही गेली. आपल्याकडे एक तर पहिल्याच उडीत मोठ्या विमानात सहवैमानिकाची खुर्ची, नाही तर घरची खाट!

काही जण म्हणतील, शे-दीडशे प्रवाशांचा जीव नवख्याच्या हाती द्यायचा काय? आक्षेप रास्त आहे. कुणीही देऊ नये. पण शिकाऊ डॉक्टर रुग्णालयात वरिष्ठांच्या हाताखाली काम करतो, नवा वकील ज्येष्ठाकडे उमेदवारी करतो, आय. टी. आय. झालेला मुलगा एस. टी.च्या आगारात शिकाऊ म्हणून लागतो. अनुभव आकाशातून पडत नसतो. कुणीतरी हाताखाली घेऊन तो द्यावा लागतो. अनुभव मागणाऱ्याने तो थोडा देण्याचीही जबाबदारी घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

महाराष्ट्रात नागपूर, गोंदिया, बारामती, धुळे आणि आपल्या शेजारी खानदेशातल्या जळगावातही वैमानिक घडविले जातात. अमरावतीहून १६ एप्रिल २०२५ ला प्रवासी विमान सुरू झाले. तेथे वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी संस्था काढण्याचे एअर इंडियाने जाहीर केलेले आहे. मागास प्रवर्गांतील मुलांसाठी ‘महाज्योती’ने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत प्रशिक्षणाची योजना आणली. या गोष्टींचा मला आनंदच आहे. परंतु अशा योजनांचे लक्ष्य परवाना हे असते, आणि आमच्यासारख्या घरांची खरी परीक्षा परवान्यानंतर सुरू होते. ज्याचे वडील सधन आहेत तो तीन वर्षे वाट पाहू शकतो. ज्याचे वावरच गेले आहे, त्याने कशाच्या आधारावर वाट पाहावी? म्हणून शिष्यवृत्तीने पहिल्या नोकरीपर्यंत सोबत करावी. निदान परवाना जिवंत ठेवण्याचा खर्च तरी उचलावा.

१९४७ मध्ये प्रेम माथुर यांनी वैमानिकाचा परवाना मिळविला. आठ कंपन्यांनी त्यांना नकार दिला, कारण त्या स्त्री होत्या. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतले आणि १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. आठ नकारांनंतर नववे दार उघडले, म्हणून आज आपण त्यांचे नाव घेतो. ज्यांच्यासाठी नववे दार उघडलेच नाही, अशा किती जणी असतील, कोण जाणे!

दादाने अखेर कर्ज काढून सहाय्यक प्रशिक्षकाची पात्रता मिळविली. गेल्या वर्षापासून परप्रांतातील एका लहान संस्थेत तो मुलांना शिकवितो. पगार बेताचा आहे. पण रोज एखादा तास त्याच्या वहीत जमा होतो. मामाला हे अजून नीट पटलेले नाही. “इमान उडवाले पाठोलं होतं, मास्तर होऊन बसलं,” असे तो म्हणतो. मला मात्र ती पहिली पायरी वाटते.

मित्रमैत्रिणींनो, पुढल्या वर्षी आपणही पदवी घेऊन बाहेर पडू आणि तीच पाटी आपल्याही पुढे येईल : ‘अनुभव आवश्यक’. कोणत्याही शिक्षणासाठी घरचे वावर विकण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा, ‘हे शिकल्यावर पहिल्या दिवशी मला हाताखाली कोण घेणार?’ गुरुजनांना विनंती आहे की, हा प्रश्न आम्हांला वर्गात विचारायला शिकवावा. आणि आपल्यापैकी जो कुणी उद्या खुर्चीच्या पलीकडे बसेल, त्याने समोरच्या नवख्याचा अर्ज बाजूला सारण्यापूर्वी आपला पहिला दिवस आठवावा.